काचेत दाबलेली निगेटिव्ह

डार्करूममध्ये प्रिंट धूसर आली की पहिला संशय जातो लेन्सवर. मग फोकसवर, मग एन्लार्जरच्या डुगडुगणाऱ्या खांबावर. निगेटिव्ह बिचारी साळसूदपणे कॅरिअरमध्ये पडून असते, आणि बऱ्याचदा चोर तीच निघते, कारण ती सपाट नसते.

साधा कॅरिअर म्हणजे धातूच्या दोन पट्ट्या आणि मधे एक खिडकी. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिमीची. ती फक्त कडांनी धरलेली असते, मधला भाग अधांतरी. फिल्मचा पाया प्लास्टिकचा, त्यावर जिलेटिनचं इमल्शन. जिलेटिन सुकताना आकसतं, म्हणून फिल्म इमल्शनच्या बाजूला वळते. त्यात वरून दिव्याची उष्णता. थोडा वेळ गेला की निगेटिव्ह जागच्या जागी फुगते. छापणारे म्हणतात, ‘पॉप झाली.’

हे डोळ्यांनी बघता येतं. दिवा लावल्या लावल्या ग्रेन फोकसर, म्हणजे दाणे मोठे करून दाखवणारं भिंग, चित्राच्या मध्यावर ठेवा, चांदीचे दाणे टोकदार दिसेपर्यंत फोकस करा आणि दिवा न विझवता बघत राहा. एका क्षणी दाणे विरघळल्यासारखे दिसेनासे होतात. हात लावलेला नसतो, खांब हललेला नसतो. पुन्हा मध्यावर फोकस केला, तर आता कोपरे बिघडलेले असतात.

८ बाय १० इंचाच्या प्रिंटला ही चौकट साडेआठ पट मोठी होते. तिथे लेन्स एफ ८ वर आणली की बरंच झाकलं जातं. १६ बाय २० इंचाला तीच चौकट सतरा पट होते आणि झाकपाक संपते. १२० फिल्मची गत आणखी वाईट: पाया पातळ आणि चौकट ५६ मिमी रुंद. काचेच्या प्लेटवर फोटो काढणाऱ्या पिढ्यांना ही डोकेदुखी नव्हती. त्यांची निगेटिव्ह मुळातच ताठ.

उपाय सरळ दिसतो. निगेटिव्ह दोन काचांत दाबायची. पण काच आली की न्यूटनही येतो. फिल्मची मागची बाजू गुळगुळीत. ती काचेला जवळजवळ टेकली की मधे हवेचा अतिपातळ थर उरतो. त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि वेडीवाकडी वलयं उमटतात. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात ते याच कारणाने. रॉबर्ट हूकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त अशा रंगांचं वर्णन केलं होतं, न्यूटनने त्यांची मोजमापं केली, आणि नाव त्याचं झालं. प्रिंटमध्ये ही वलयं नेमकी मोकळ्या आभाळात येऊन बसतात. दमट हवेत हा त्रास वाढतो, त्यामुळे मुंबई-कोकणात पावसाळ्यात काच वापरणाऱ्याने जास्तच सावध राहावं.

यावर तोडगा म्हणजे अँटी-न्यूटन काच. तिची एक बाजू अगदी किंचित खरबरीत केलेली असते, त्यामुळे फिल्म सलग टेकत नाही. ती बाजू निगेटिव्हच्या चकचकीत पाठीला, म्हणजे वरून लावायची. खालचं इमल्शन मुळातच थोडं मॅट असतं, त्याला बहुधा साधी काच चालते. उलट, अँटी-न्यूटन काच खाली घातली तर ती लेन्स आणि निगेटिव्हच्या मधे येते आणि तिचा पोत प्रिंटमध्ये उतरू शकतो.

राहिली धूळ. निगेटिव्हचे दोन पृष्ठभाग, त्यात काचांचे चार. सहाही पुसायचे. निगेटिव्हला चिकटलेला प्रत्येक कण प्रिंटवर पांढरा ठिपका होतो, आणि मग बारीक ब्रशने रंग भरत बसा. काचेच्या बाहेरच्या अंगावरची धूळ फोकसबाहेर असते. प्रकाश विखरून टाकणाऱ्या डिफ्यूजर एन्लार्जरमध्ये ती बरीच पुसट होते, भिंगांनी प्रकाश एकवटणाऱ्या कंडेन्सर एन्लार्जरमध्ये मात्र दयामाया नाही. म्हणूनच अनेक जुने छापणारे काचेच्या नावाने नाक मुरडतात.

माझं मत विचाराल तर एकच काच घ्या, वरची. एन्लार्जरमध्ये इमल्शन खाली असतं, म्हणजे फिल्मच्या कडा खाली वळतात आणि पोट वर येतं. कडांना चौकटीचा आधार असतो, पोटाला वरून काच दाबते. बहुतेक कामाला एवढं पुरतं, आणि पुसायचे दोन पृष्ठभाग वाचतात. लाइट्झच्या फोकोमॅट १सी या नावाजलेल्या एन्लार्जरमध्ये तर वेगळी काचच नव्हती. कंडेन्सरच खाली येऊन निगेटिव्ह दाबून धरायचा. दोन्ही काचा फार मोठ्या प्रिंटसाठी, १२० साठी आणि हट्टाने गुंडाळणाऱ्या जुन्या फिल्मसाठी ठेवाव्यात. ८ बाय १० पर्यंतच छापणाऱ्याने काचेच्या फंदात पडूच नये. दिवा थोडा वेळ चालू ठेवावा, निगेटिव्ह फुगून स्थिरावू द्यावी आणि मग फोकस करून लगेच छापावं.

जुना एन्लार्जर विकत घेताना कॅरिअरची काच बाहेर काढून दिव्यासमोर तिरपी धरा. एका बाजूला दिव्याचं प्रतिबिंब लख्ख आणि दुसऱ्या बाजूला विस्कटलेलं दिसलं, तर ती अँटी-न्यूटन. दोन्हीकडे लख्ख दिसलं, तर साधी. तेवढे पैसे कमी करायला सांगा.