पोत्यातले सरळ गाजर
(काळ्या रानाच्या गावांसाठी)



काळ्या भारी जमिनीत गाजर पेरणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. वर पाला हिरवागार, पण उपटायला जावे तर अर्धे गाजर तुटून जमिनीतच राहते, आणि जे हाती येते त्याला दोन नाहीतर तीन पाय फुटलेले असतात. मग कोणी बियाण्याला दोष देतो, कोणी दुकानदाराला. बहुतेक वेळा बी निर्दोष असते. खरी अडचण असते ती मुळाला खाली जाताना मिळालेल्या वाटेची.

गाजर म्हणजे त्या रोपाचे सोटमूळ. पाला दोन-चार बोटांचा असतो तेव्हाच हे मूळ सुतासारखे बारीक राहून वीतभर खाली उतरते. गाजर किती लांब होणार हे पहिल्या तीन-चार आठवड्यांतच बरेचसे ठरून जाते. पुढचे दिवस ते मुख्यतः जाड होत असते. त्या सुरुवातीच्या दिवसांत मुळाच्या शेंड्याला खडा लागला, ढेकूळ लागले, कच्चे शेण लागले, तर शेंडा खुंटतो आणि बाजूची मुळे पोसू लागतात. तेच गाजराचे पाय. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आवळते, भेगाळते. कपाशी-ज्वारीला ती सोन्यासारखी, पण गाजराच्या कोवळ्या शेंड्याला तीच माती भिंत होते.

आता सगळे रान तर बदलता येत नाही. पण तीन घमेली माती बदलता येते. खताचे रिकामे पोते, तेलाचा 15 किलोचा डबा, फुटका रांजण, यांत आपल्याला हवी तशी माती भरून गाजर घेता येते.

हे कोणासाठी?

आधीच स्पष्ट सांगतो, हे बाजाराचे पीक नव्हे. एका पोत्यात वीसेक गाजरे बसतात, म्हणजे चांगले साधले तर दीड किलोच्या आसपास. यात नफा-तोट्याचा हिशेब मांडत बसू नये. हे घरच्या ताटासाठी आहे. ज्यांना स्वतःची जमीन नाही, दारापुढे चार हात जागा आहे, त्यांनाही जमण्यासारखे आहे. सहा पोती भरली तर घरातल्या मुलांना हिवाळाभर गाजर खाता येईल. गाजराच्या केशरी रंगातून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की लहान मुलांना संध्याकाळी अंधुक दिसू लागते, त्यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. गाजर शिजवून, थोड्या तेला-तुपाबरोबर दिले तर हा गुण जास्त लागू पडतो. मात्र मुलाला रातांधळेपणा आलाच असेल तर गाजरावर विसंबून राहू नका, आरोग्य केंद्रात दाखवा.

पोते आणि डबा

युरियाचे किंवा मिश्रखताचे विणलेले पोते घ्या. आत प्लॅस्टिकची पिशवी असेल तर ती काढून टाका, पोते दोन पाण्याने धुवा आणि तोंडाची कड बाहेर दुमडत सव्वा फूट उंची ठेवा. तळाशी आठ-दहा भोके पाडून दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी निथळेल. असे पोते उन्हाने एका हंगामात कुजते. त्याचे धागे मातीत मिसळण्याआधी बदलून टाकावे. तागाचे गोणपाट चालते, पण वाळवीचे गाव असेल तर नको.

डब्याची वरची बाजू पूर्ण कापा आणि धार ठोकून आत वळवा, नाहीतर पोरांचे हात कापतील. पत्रा दुपारी तापतो, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळा. एका डब्यात नऊ गाजरे पुरे.

कीटकनाशकाचा, तणनाशकाचा डबा किंवा ड्रम मात्र कितीही धुतला तरी वापरायचा नाही. विष पत्र्याला आणि प्लॅस्टिकला धरून राहते, आणि आपण तर जमिनीखालचाच भाग खाणार आहोत.

माती हीच खरी मेहनत

दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी हलकी माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. तिन्ही वस्तू वाळू चाळायच्या चाळणीतून चाळूनच घ्या. चाळायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, पण पोत्यात गाजर लावून पुन्हा पाय फुटलेले निघाले तर नव्वद टक्के वेळा कारण न चाळलेली माती हेच असते.

शेणखत किमान वर्षभराचे जुने हवे. हातात घेतले तर चहापत्तीसारखे भुरभुरीत लागावे, वास येऊ नये. ताज्या शेणाने गाजराला पाय फुटतात आणि अंगावर केसासारखी मुळेही येतात. युरिया तर नकोच. त्याने पाला माजतो आणि गाजर उपाशी राहते.

काही जण म्हणतात, आमच्या गावात काळ्या मातीशिवाय दुसरे काही नाही. तर काळ्या मातीत मूठ-दोन मूठ वाळू टाकून भागत नाही. ती उलट विटेसारखी आवळते. अशा ठिकाणी काळी माती एक भाग आणि कुजलेला पाचोळा किंवा कंपोस्ट दोन भाग, असे करून पाहा. मिश्रण ओलसर करून मुठीत दाबा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून विखुरला तर माती जमली. तसाच राहिला तर अजून कंपोस्ट घाला. पोते भरताना माती पायाने दाबू नका. पाणी घालून आपोआप बसू द्या आणि मग वरून भर घाला.

पेरणी

आपल्या हवेला पुसा केसर आणि पुसा मेघाली हे वाण मानवतात. नँटीस हा विलायती प्रकार थंडीचा, तो दिवाळीनंतर लावावा. त्याचे गाजर आखूड असल्याने डब्याला बरे. (बियाण्यांच्या पुड्यांत हल्ली पार्सनिप नावाचे पांढरे गाजरही दिसते. ते गाजराचेच थंड देशातले भावंड. त्याला पाच-सहा महिने लागतात आणि गोडी यायला कडाक्याची थंडी लागते. आपल्या उन्हाळ्यापुढे त्याचा निभाव लागायचा नाही, तेव्हा पैसे घालवू नका.)

दसऱ्याच्या सुमारास पेरलेले पुसा केसर भोगीच्या भाजीला आणि संक्रांतीच्या सुगडाला बरोबर तयार होते, असा हिशेब लक्षात ठेवा. बी चालू वर्षाचे घ्या, गाजराचे बी जुने झाले की उगवण झपाट्याने घटते. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून चार-चार बोटांवर ओळीत टाका आणि वर अर्धे पेर जाडीची माती पसरा. गाजराचे रोप उपटून दुसरीकडे लावता येत नाही, शेंडा दुखावला की पाय फुटलेच.

उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. इथेच माणूस धीर सोडतो आणि पाणी विसरतो. पोत्याच्या तोंडावर ओले फडके किंवा गोणपाट टाका आणि झारीने ओले ठेवा. सहाव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघा. पहिला हिरवा दोरा दिसला की फडके काढून टाका. एक दिवस उशीर केला तरी रोपे पिवळी, लांबट होतात. वर बाभळीच्या दोन फांद्या आडव्या टाका, नाहीतर कोंबड्या एका सकाळीत सगळे उकरतील.

विरळणी

रोपाला दोन-तीन खरी पाने आली की दाटी कमी करा. महिन्याने दुसऱ्यांदा करून रोपारोपांत चार बोटे अंतर ठेवा. हे काम आपल्या हातून मनापासून होत नाही. उगवलेले रोप उपटायचे म्हणजे जिवावर येते. पण पोत्यात साठ रोपे ठेवलीत तर साठ पेन्सिली मिळतील. विरळणी पाणी दिल्यावर करा म्हणजे शेजारचे मूळ हलत नाही. उपटलेला पाला शेळीला घाला.

पाणी आणि राखण

बोट पेरभर खुपसून पाहा. कोरडे लागले तर पाणी द्या. ऑक्टोबरच्या उन्हात रोज लागेल, थंडीत एक दिवसाआड. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते. साबणाचे, धुण्याच्या पावडरचे नको. चार दिवस कोरडे ठेवून एकदम बादलीभर ओतले की गाजर उभे चिरते. गाजराचे डोके मातीवर उघडे पडले तर हिरवे आणि कडू होते, त्यावर माती ओढा.

मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. मुळांवर गाठी आढळल्या तर तो सूत्रकृमीचा उपद्रव समजा. ती माती पुन्हा गाजर, टोमॅटो, वांगी यांना वापरू नका.

काढणी

साधारण नव्वद दिवसांनी डोक्याजवळची माती बोटाने सारून पाहा. अंगठ्याहून जाड झाले असेल तर काढायला लागा. आणखी मोठे होईल म्हणून राखून ठेवाल तर आतला दांडा लाकडासारखा होतो. काढल्याबरोबर पाला कापा, नाहीतर पाला गाजरातले पाणी ओढून घेतो आणि ते दोन दिवसांत मऊ पडते. सगळी एकदम काढायची गरज नाही, घरात लागतील तशी पंधरवडाभर काढत राहा.

पोते रिकामे झाले की त्याच मातीत दोन ओंजळी शेणखत मिसळून मेथी टाका. एप्रिल-मे महिन्यात ती माती फरशीवर पातळ पसरून पंधरा दिवस ऊन द्या आणि पावसाआधी झाकून ठेवा. पुढच्या दसऱ्याला पुन्हा चाळावी मात्र लागेल.