घाटनांदूर ते केदारकंठा : उंचीचा हिशेब

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. हिमालयात थोडे चालले तरी दम का लागतो? बहुतेक मुले सांगतील, "तिथल्या हवेत प्राणवायू कमी असतो." हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. घाटनांदूरच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ आहे आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढेच आहे. बदलतो तो हवेचा दाब. उंचावर हवा विरळ असल्यामुळे एका श्वासात छातीत जाणारा एकूण प्राणवायू घटतो.

ही गोष्ट नुसती परीक्षेपुरती नाही. शाळा-महाविद्यालयांतून मुलांना हिमालयातील पदभ्रमणाला नेण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. सोबत वाटाड्या असतो, तंबू आणि जेवण आयोजक पाहतात. पण किती दिवसांत किती उंची गाठायची हे पालकांना पत्र जाण्याआधीच ठरलेले असते आणि धोका बहुतेक वेळा तिथेच शिरतो. म्हणून शिक्षकाला हा हिशेब स्वतः करता आला पाहिजे.

दाबाचे गणित

उदाहरणादाखल उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यातले केदारकंठा हे शिखर घेऊ. त्याची उंची सुमारे ३,८०० मीटर आहे. बालाघाटच्या पठारावरचे आपले गाव समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंच आहे. रेल्वेने शेकडो कोस तोडून डेहराडूनला उतरलो, तरी तेही साधारण साडेसहाशे मीटरवरच! म्हणजे फुप्फुसांच्या दृष्टीने आपण अजून घाटनांदूरच्या फलाटावरच उभे आहोत. खरी चढण तिथून पुढे सुरू होते.

हवेचा दाब समुद्रसपाटीवर पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो, तर साडेसहाशे मीटरवर तो सुमारे ७०० भरतो. त्याचा २१ टक्के वाटा, म्हणजे सुमारे १४७ मिलिमीटर, हा प्राणवायूचा आंशिक दाब. चढणीचे शेवटचे गाव सांकरी साधारण १,९५० मीटरवर आहे. तिथे हा आकडा १२६ होतो. जुडा का तालाब या मुक्कामी (सुमारे २,८०० मीटर) तो ११३, त्यावरच्या तळावर (सुमारे ३,४०० मीटर) १०५ आणि शिखरावर १०० च्या आसपास उरतो. घरच्या तुलनेत शिखरावर प्रत्येक श्वासात दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो.

शरीर काय करते?

मानेतील रोहिण्यांजवळच्या संवेदी पेशींना ही घट लगेच कळते आणि श्वास जलद होतो. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि त्यामुळे श्वासाला पुन्हा लगाम बसतो. मग मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकू लागतात. हे काम पुरे व्हायला दोन-तीन दिवस लागतात. ते झाले की श्वास मोकळेपणाने वाढतो. तांबड्या पेशींची वाढ त्याहून सावकाश, काही आठवड्यांत होते.

म्हणून मूत्रपिंडांना वेळ देणे हाच नियोजनाचा गाभा आहे. रोज पाच किलोमीटर धावणाऱ्या मुलाचे पाय आणि हृदय बळकट असतात, पण त्याची मूत्रपिंडे घाई करीत नाहीत. उलट असा मुलगा भरभर चढून आधी आजारी पडू शकतो. १,६४६ मीटरचे कळसूबाई चढून आल्याने पायांना सराव होतो, विरळ हवेचा होत नाही.

याचा मोठा पुरावा आपल्याच देशातून मिळाला. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान थोड्या वेळात अति उंचावर नेले गेले. भारतीय सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. हे जवान धट्टेकट्टे होते, तरीही उंचीने त्यांना गाठले.

वेळापत्रक असे आखा

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा सर्वमान्य नियम आहे. हिशेब झोपण्याच्या जागेचा आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली उतरणे चांगलेच.

आता आपला मार्ग तपासू. सांकरी ते तालाब ८५० मीटर आणि तिथून तळ आणखी ६०० मीटर. लागोपाठच्या दोन रात्रींत १,४५० मीटरची वाढ झाली! यावर उपाय सोपा आहे. सांकरीला दोन रात्री काढा आणि तालाबापाशीही दोन. शिखरावर मुक्काम नसल्याने त्या दिवसाची काळजी कमी. दोन दिवसांचा खर्च वाढेल, पालक विचारतील. त्यांना वरचे आकडे दाखवा.

आयोजकाला काही प्रश्न लेखी विचारावेत. किती मुलांमागे एक वाटाड्या आहे? त्याचे गिर्यारोहणाचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण कुठे झाले? प्राणवायूचे नळकांडे सोबत आहे का? रात्री एखाद्याला खाली न्यावे लागले तर कोण नेणार? निघण्यापूर्वी प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी हवी. रक्तक्षय असेल तर आधीच कमी असलेला प्राणवायू वाहून न्यायला वाहनेही अपुरी पडतात, म्हणून हिमोग्लोबिन जरूर पाहावे. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे शिखर डेहराडूनपेक्षा सुमारे वीस अंशांनी थंड असेल. कपड्यांची यादी त्यावरून करा.

लपवलेली डोकेदुखी

डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, चक्कर ही पहिली लक्षणे. ती असताना वर जायचे नाही. वाढली तर खाली उतरायचे. बसल्या जागी धाप लागणे आणि खोकला हे फुप्फुसात पाणी साचल्याचे लक्षण असू शकते. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालता न येणे, असंबद्ध बोलणे ही मेंदूला सूज आल्याची खूण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, अंधार असला तरी सोबत देऊन लगेच खाली न्यावे. तीनशे ते हजार मीटर उतरल्याने जो गुण येतो, तो कोणत्याही गोळीच्या भरवशावर सोडू नये.

मुले मात्र दुखणे लपवतात. "माझ्यामुळे सगळे परत फिरतील" ही भीती त्यांना आजारापेक्षा मोठी वाटते. म्हणून निघण्याआधी वर्गातच जाहीर करावे, की एकाला उतरवायचे तर एक शिक्षक आणि एक वाटाड्या त्याच्याबरोबर उतरतील, बाकीचे पुढे जातील. तेवढी मोठी माणसे सोबत नसतील तर सहल काढूच नये.

वर्गात करून पाहा

पातेल्यात पाणी उकळून तापमापी धरा. घाटनांदूरला ते १०० नव्हे, सुमारे ९८ अंशांना उकळेल. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश उतरतो. मग ३,४०० मीटरच्या तळावर डाळ शिजायला वेळ का लागेल, हे मुलांनाच काढू द्या. सहलीत रोज सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकाने आपली नाडी मोजून वहीत लिहावी. एखाद्या सकाळी आकडा एकदम वर गेला, तर त्या मुलाशी थांबून बोला.