विश्लेषण : ‘अप्रेझल’मध्ये मागच्या वर्षाचा हिशेब होतो, पण पुढच्या वर्षाबद्दल कोण बोलणार?

मार्च संपला की बहुतेक कार्यालयांत ‘अप्रेझल’चा हंगाम सुरू होतो. संगणकावर स्वमूल्यमापनाचा तक्ता भरायचा, वरिष्ठांसमोर अर्धा तास बसायचे, श्रेणी ऐकायची आणि पगारवाढीच्या पत्राची वाट पाहायची, हा क्रम ठरलेला. या अर्ध्या तासातला जवळपास सगळा वेळ मागच्या बारा महिन्यांवर जातो. पुढे काय करायचे, हा विषय निघेपर्यंत पुढचा सहकारी दाराशी उभा असतो. गेल्या दशकभरात अनेक मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत बदलून पाहिली. काही प्रयोग टिकले, काहींवर टीका झाली. मूल्यमापन पुढे पाहणारे कसे करता येईल आणि तसे करताना काय सांभाळावे लागेल, याचा आढावा.

वार्षिक मूल्यमापनात नेमके बिघडते कुठे?

पहिली अडचण स्मरणशक्तीची. फेब्रुवारी-मार्चमधले काम वरिष्ठांना लख्ख आठवते. मागच्या जूनमध्ये रात्री जागून पूर्ण केलेले काम विस्मरणात गेलेले असते. दुसरी अडचण मोजमापाची. सुमारे साडेचार हजार व्यवस्थापकांना त्यांचे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे कर्मचारी यांनी दिलेल्या गुणांचा अभ्यास २००० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गुणांमधल्या तफावतीपैकी ६२ टक्के भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींमुळे आलेला होता. प्रत्यक्ष कामगिरीचा वाटा होता अवघा २१ टक्के. कोणी हात सैल सोडून गुण देतो, कोणी पाचपैकी चार देतानाही विचार करतो. म्हणजे श्रेणीतून कर्मचाऱ्यापेक्षा साहेबांचीच ओळख अधिक होते.

तिसरी अडचण पैशाची. ज्या बैठकीत पगारवाढीचा आकडा कळणार असतो, तिथे बाकीचे बोलणे कानांवरून जाते. वरिष्ठ सुधारणेचे चार मुद्दे सांगत असतात आणि समोरचा मनात टक्केवारी मांडत असतो. शिवाय चूक मान्य केली तर वाढ कापली जाईल, ही भीती असल्याने कोणीही स्वतःची उणीव मोकळेपणाने सांगत नाही.

ही गोष्ट आताच लक्षात आली का?

नाही. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त १९५७ मध्ये डग्लस मॅकग्रेगर यांनी लिहिले होते की, दुसऱ्या माणसाच्या योग्यतेचा निवाडा करण्याची भूमिका व्यवस्थापकांनाच नकोशी वाटते. मागचे तपासत बसण्यापेक्षा कर्मचाऱ्याने स्वतःची पुढची उद्दिष्टे मांडावीत आणि वरिष्ठाने त्याला मदत करावी, असा त्यांचा आग्रह होता. १९६५ मध्ये त्याच नियतकालिकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभ्यास प्रसिद्ध झाला. टीकेमुळे काम सुधारण्याऐवजी माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, कौतुकाचा फारसा परिणाम होत नाही, सुधारणा होते ती नेमकी उद्दिष्टे ठरवल्यावर, असे त्यात आढळले. पगाराचा निर्णय आणि सुधारणेचे बोलणे या दोन गोष्टी वेगळ्या वेळी कराव्यात, हा त्याचा मुख्य निष्कर्ष.

गंमत अशी की, याच जनरल इलेक्ट्रिकचे १९८१ ते २००१ या काळातील प्रमुख जॅक वेल्च यांनी नेमका उलटा मार्ग जगभर लोकप्रिय केला. वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि तळाचे १० टक्के अशी कर्मचाऱ्यांची विभागणी करायची आणि तळाच्यांना बाहेरची वाट दाखवायची, ही ती पद्धत. आपल्याकडच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत ‘बेल कर्व्ह’ या नावाने ओळखली जाणारी सक्तीची क्रमवारी याच कुळातली. संघातल्या दहाही जणांनी उत्तम काम केले, तरी कोणाला तरी खालची श्रेणी द्यावीच लागते, हे तिचे दुखणे.

भारतात सरकारी नोकरीचा अनुभव काय सांगतो?

सरकारी कार्यालयांत मूल्यमापन म्हणजे ‘गोपनीय अहवाल’, बोलीभाषेत ‘सीआर’. नावाप्रमाणेच तो अनेक दशके गोपनीय राहिला. प्रतिकूल शेरा असेल तरच तो संबंधिताला कळवला जाई. यातून काय घडू शकते, हे देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिसले. सीमा रस्ते विभागातील कार्यकारी अभियंता असलेल्या देव दत्त यांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. पदोन्नतीसाठी मात्र सलग पाच वर्षे ‘अति उत्तम’ शेरा लागत होता. ‘चांगला’ हा शेरा वाईट नसल्याने तो त्यांना कधी कळवलाच गेला नाही आणि त्या एका शब्दाने पदोन्नती अडवली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते.

त्यानंतर केंद्र सरकारने २००९ मध्ये गोपनीय अहवालाचे रूपांतर ‘वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाला’त केले. पूर्ण अहवाल दाखवणे आणि १ ते १० अशी श्रेणी देणे सुरू झाले. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. तरी अहवाल झालेल्या वर्षाचाच राहिला. पुढे कोणते काम द्यावे, काय शिकवावे, यासाठी वेगळ्या संवादाची गरज उरतेच.

खासगी कंपन्यांनी काय बदलले?

या बदलाच्या एका ठळक प्रसंगाचा धागा भारताशी जुळतो. अडोबीच्या मनुष्यबळ विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख डॉना मॉरिस मार्च २०१२ मध्ये भारतात आल्या होत्या. एका आर्थिक दैनिकाशी बोलताना वार्षिक मूल्यमापन बंद करण्याचा मनसुबा त्या बोलून गेल्या. कंपनीत त्यावर निर्णय झालेला नसतानाच बातमी पहिल्या पानावर आली! मग कर्मचाऱ्यांशी खुली चर्चा झाली आणि त्याच वर्षी अडोबीने श्रेणी रद्द करून ‘चेक-इन’ ही अनौपचारिक, वारंवार होणाऱ्या संवादाची पद्धत आणली. जुन्या पद्धतीत व्यवस्थापकांचे वर्षाला सुमारे ८० हजार तास खर्च होत होते, असा कंपनीचा हिशेब होता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी बंद केली. २०१५ मध्ये डेलॉइटने आपल्याकडे मूल्यमापनावर वर्षाला जवळपास २० लाख तास जातात, असे सांगत नवी रचना मांडली. तिथे वरिष्ठाला ‘हा माणूस कसा आहे?’ असे विचारत नाहीत; ‘तुम्ही त्याच्याबाबत काय कराल?’ असे विचारतात. त्याला पुन्हा आपल्या संघात घ्याल का, तो आज बढतीस तयार आहे का, असे मोजके प्रश्न असतात. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसनेही २०१५ च्या सुमारास सक्तीच्या क्रमवारीपासून दूर जाण्याचा निर्णय घेतला.

‘पुढे पाहणारे’ मूल्यमापन म्हणजे काय?

अभिप्राय दिला की काम सुधारते, हे सर्वमान्य समजले जाते. मात्र अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक दशकांचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरल्याचे आढळले. अभिप्राय कामावरून घसरून माणसावर आला की नुकसान होते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

पुढे क्लुगर आणि दिना नीर यांनी ‘फीडफॉरवर्ड’ मुलाखतीची पद्धत मांडली. यात वरिष्ठ आधी बोलत नाही, विचारतो. या नोकरीत काम करताना उमेद वाटली, असा एखादा प्रसंग सांगा. तेव्हा कोणती परिस्थिती जुळून आली होती? तुम्ही काय केले, इतरांनी काय केले, कार्यालयाने काय दिले? आणि शेवटचा प्रश्न : पुढच्या काही महिन्यांच्या तुमच्या कामात ती परिस्थिती कितपत आहे? या उत्तरातूनच पुढची आखणी निघते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रत्यक्ष कार्यालयातील प्रयोगात, अशी मुलाखत झालेल्या कर्मचाऱ्यांची कामगिरी चार महिन्यांनंतर नेहमीच्या मूल्यमापनाला सामोऱ्या गेलेल्यांपेक्षा सरस आढळली.

२०२० मधील आणखी एक अभ्यास याला पुष्टी देतो. मागे काय आणि का घडले, यावर वरिष्ठ-कनिष्ठांची चर्चा झाली की त्यांचे एकमत होण्याऐवजी मतभेद वाढतात, असे त्यात दिसले. प्रत्येक जण यश स्वतःच्या खात्यावर आणि अपयश परिस्थितीच्या खात्यावर मांडतो. उलट, बोलणे ‘यापुढे काय करायचे’ याभोवती राहिले की बदलण्याची तयारी वाढते.

प्रत्यक्ष बैठकीत फरक कसा दिसेल?

समजा, एका कर्मचारी महिलेचे मासिक अहवाल सतत उशिरा येतात. जुन्या पद्धतीत वरिष्ठ म्हणतील, ‘मॅडम, वर्षभरात सात वेळा तुमचा अहवाल उशिरा आला. यात सुधारणा हवी.’ उत्तर ठरलेले : ‘सर, शाखांकडून आकडेच वेळेत येत नाहीत.’ पुढची दहा मिनिटे दोष कोणाचा यात जातात आणि श्रेणी मात्र आधीच भरलेली असते.

तीच बैठक अशीही होऊ शकते : ‘मागच्या सप्टेंबरचा अहवाल तुम्ही चार तारखेलाच दिला होता. तेव्हा काय वेगळे झाले?’ उत्तर येते, ‘सर, त्या महिन्यात शाखांना मी आधीच तक्ता पाठवला होता आणि आकडे जुळवायला सोबत एक जण होता.’ मग ठरते की तक्ता दर महिन्याच्या २५ तारखेला जाईल, जुळवणीला दोन दिवस एक सहकारी मिळेल, अहवाल पाच तारखेला येईल आणि तीन महिन्यांनी दोघे पुन्हा बसतील. यात उशीर झाकलेला नाही. वरिष्ठांच्या वाट्यालाही काम आले आहे, हा मोठा फरक.

श्रेणी काढून टाकली की प्रश्न सुटतो का?

नाही, आणि सावध राहायचे ते इथेच. २०१६ मध्ये फेसबुकच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट यांच्यासह मूल्यमापन बंद करू नये, अशी बाजू मांडली. श्रेणी कागदावरून गेली तरी पगारवाढ, बोनस, बढती ठरतेच. मग ती कशावर ठरली हे कर्मचाऱ्याला कळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्या भाषेत सांगायचे तर, नव्या वेष्टनात पुन्हा तोच ‘गोपनीय अहवाल’.

शिवाय मंदीचे किंवा खर्चकपातीचे वारे वाहू लागले की कंपन्यांना क्रमवारी आठवते. त्याच फेसबुकची पालक कंपनी असलेल्या मेटाने जानेवारी २०२५ मध्ये कमी कामगिरीच्या सुमारे पाच टक्के कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे जाहीर केले. वर्षभर गोड संवाद करायचा आणि वर्षाअखेरीस अचानक तळाच्या यादीत नाव टाकायचे, हा पुढे पाहण्याचा प्रकार नव्हे, फसवणूक आहे. नोकरी, गृहकर्जाचा हप्ता, बढती ज्यावर अवलंबून आहे, तो हिशेब कर्मचाऱ्यासमोर उघड असलाच पाहिजे.

मग मार्ग कोणता?

साठ वर्षांपूर्वीचाच : दोन बैठका वेगळ्या ठेवणे. एक हिशेबाची. त्यात श्रेणी, तिची कारणे, पगारवाढ स्पष्ट सांगायची आणि म्हणणे मांडायला जागा द्यायची. दुसरी पुढच्या कामाची. ती काही आठवड्यांच्या अंतराने आणि शक्यतो दर तिमाहीला. दुसऱ्या बैठकीत पैशाचा विषय काढायचा नाही. ठरलेल्या दोन-तीन गोष्टी तारखेसह लिहून दोघांकडे ठेवायच्या. यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, दहा जणांच्या दुकानातही हे जमू शकते. लागतो तो वरिष्ठांचा वेळ, आणि तोच सगळ्यात दुर्मीळ असतो. वीस-पंचवीस माणसे हाताखाली असलेल्या व्यवस्थापकाकडून तिमाही संवादाची अपेक्षा धरायची, तर त्याच्यावरचा इतर भार कमी करावा लागेल.

कंपनीची पद्धत बदलेपर्यंत कर्मचाऱ्यालाही काही करता येते. महिन्याअखेरीस पाच ओळींत केलेल्या कामाची नोंद ठेवली तर जूनमधले काम मार्चमध्ये हरवत नाही. बैठकीला जाताना पुढच्या सहा महिन्यांत काय करायचे आहे आणि त्यासाठी वरिष्ठांकडून काय हवे आहे, हे एका कागदावर लिहून न्यावे. श्रेणी बहुधा ठरलेली असेल. तो कागद समोर ठेवला, तर उरलेल्या दहा मिनिटांत पुढच्या वर्षाचे बोलणे तरी सुरू होईल.