बाळाच्या पोटातली पहिली वस्ती

दिघीत एका घरी बाळ बघायला गेले होते. आजी सहाणेवर गुटी उगाळत बसल्या होत्या. वेखंडाचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, मग जायफळ. "पहिले दोन दिवस अंगावरचं पाजलं नाही. पिवळं, जाडसर होतं, काढून टाकलं," त्या म्हणाल्या.

तो चीक होता. तो नासलेला असतो, ही समजूत अजून जाता जात नाही. चिकात रोगांशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. शिवाय आईच्या दुधात काही विशिष्ट साखरा असतात, दोनशेच्या आसपास प्रकारच्या. त्या बाळाला पचत नाहीत. मग त्या असतात कशाला? बाळाच्या आतड्यात वस्तीला येणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियांसाठी! हे जंतू त्या साखरा खातात, आतडं आम्लधर्मी ठेवतात आणि घातक जंतूंना थारा देत नाहीत. म्हणजे 'जंतू तेवढे वाईट' हेही खरं नाही.

ही वस्ती नीट बसली नाही तर काय होतं, ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांत दिसतं. त्यांच्यातल्या काहींच्या आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग मरतो. या आजाराला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात. अशा बाळांना दात्या आईच्या दुधाऐवजी पावडरचं दूध दिलं तर धोका जवळपास दुप्पट होतो. म्हणून डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पेढीतलं दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवतात. त्यात जंतू मरतात, पण त्या साखरा टिकतात.

सिझेरियनच्या बाळाचं पोट कायमचं बिघडतं, असंही ऐकू येतं. सुरुवातीला त्याच्या आतड्यात रुग्णालयातले जंतू जास्त असतात, हे खरं. पण अंगावर पाजत राहिलं की काही महिन्यांत फरक बराच कमी होतो.

"मग प्रोबायोटिकचे थेंब देऊ का?" सुनेने विचारलं. ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत एका लॅक्टोबॅसिलसमुळे जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी घटले. निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र तो ठरावीक जंतू होता, सोबत त्याचं खाद्य होतं आणि बाळं अंगावर पिणारी होती. दुकानातली कुठलीही बाटली म्हणजे ते औषध नव्हे.

गुटीचं मी आजींना स्पष्टच सांगितलं: सहा महिने पाणीसुद्धा नको. सहाणेवरून, पाण्यातून नको ते जंतू पोटात जातात. मधाचं बोट तर वर्षभर नकोच.

त्यांनी लंगोट पुढे केला. "हे जुलाब नाहीत?" मोहरीसारखी पिवळी, पातळ, आंबूस वासाची शी होती. अंगावर पिणाऱ्या बाळाची अशीच असते, दिवसातून पाच-सहा वेळासुद्धा. पोट फुगून कडक झालं, हिरवी उलटी झाली किंवा शीतून रक्त पडलं, तर मात्र आगरदांड्याला जाणाऱ्या सकाळच्या फेरीबोटीची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा आणि रात्रीच म्हसळ्याच्या रस्त्याला लागायचं.