अंड्याचे हलके भानोले, हांडव्याच्या भांड्यात

डब्याचा विषय निघाला की पालकांकडून दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. मुले पालेभाजी खात नाहीत ही एक, आणि अंडे खातात पण ते बटरमध्ये परतलेलेच मागतात ही दुसरी. संध्याकाळी आपल्या शहरातल्या एखाद्या अंड्याच्या लारीशेजारी पाच मिनिटे उभे राहिले की दुसऱ्या तक्रारीचे मूळ कळते. तव्यावर बटरची वडी पडते, ती विरघळायच्या आत दुसरी पडते आणि वरून किसलेल्या चीजचा पाऊस. चव उत्तमच असते, त्याबद्दल वाद नाही. पण रोजच्या खाण्यात ते बसत नाही. म्हणून या अंकात आम्ही अंड्याच्या अशा पदार्थाविषयी लिहीत आहोत, जो भाजून होतो, ज्याला दोन चहाचे चमचे तेल पुरते आणि ज्यातून भाजी मुलांच्या नकळत नव्हे, चांगली त्यांच्या देखत पोटात जाते.

हॉटेलच्या मेनूत अशा पदार्थांना ‘कीश’ किंवा ‘फ्रिटाटा’ म्हणतात. कीश फ्रान्सची. मैदा आणि लोण्याच्या पारीत अंडी, क्रीम आणि चीज यांचे मिश्रण ओतून ती भाजतात. फ्रिटाटा इटलीचा, त्याला पारी नसते. आपल्याला मात्र इतक्या दूर जायची गरज नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या, म्हणजे सीकेपी मंडळींच्या घरात भानोले पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. कोबी बारीक चिरून किंवा कोलंबी सोलून ती वाटण, ओले खोबरे आणि पिठात कालवायची, जाड बुडाच्या पातेल्यात थापायची, खाली मंद शेगडी ठेवायची आणि झाकणावर निखारे. खालून-वरून सारखी आच लागून वडी खरपूस होते. ओव्हन हा शब्द घरात येण्यापूर्वी आपल्या आज्या-पणज्या ओव्हनचेच काम करीत होत्या, ते असे. काही घरांत मिश्रण बांधून यावे म्हणून त्यात अंडेही फोडतात. आम्ही तोच धागा पुढे नेला आहे. पीठ कमी केले, अंडे वाढवले.

बडोद्याला हा पदार्थ परका नाही. गायकवाडांच्या राज्यात कारभारी, कारकून, शिलेदार म्हणून जी मराठी कुटुंबे येऊन स्थायिक झाली, त्यांत प्रभू मंडळी बरीच होती. १८०२ साली इंग्रजांशी करार झाला त्या वेळचे दिवाण रावजी आपाजी हे प्रभूच. दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या वाड्यांतून पुढे निखारे गेले, चुली गेल्या, गॅस आला. पण त्याच सुमारास शेजारच्या गुजराती स्वयंपाकघरातून एक भांडे आपल्याकडे आले आणि त्याने निखाऱ्यांची उणीव भरून काढली. ते म्हणजे हांडव्याचे भांडे. खाली वाळू घालायची थाळी, तिच्यावर गोल ॲल्युमिनियमचे भांडे आणि वाफ जायला भोके असलेले झाकण. वाळू आच अडवून धरते आणि सावकाश, सगळीकडे सारखी सोडते. भानोल्याला नेमके हेच हवे असते. ज्यांच्या घरी ओटीजी आहे त्यांनी तो वापरावा. नसेल त्यांनी नवीन यंत्र घेण्याआधी माळ्यावरचे हे भांडे खाली काढावे.

आता ‘हलके’ म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. अंडे स्वतः जड नाही. ५० ग्रॅमच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७० ते ७५ कॅलरी असतात. जडपणा येतो तो सोबत्यांमुळे. बाजारात मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या २०० मिली क्रीममध्येच सुमारे ५० ग्रॅम स्निग्धांश जातो, म्हणजे साडेचारशे कॅलरी. पारीसाठी १०० ग्रॅम लोणी घेतले की आणखी सातशेच्या वर, आणि १०० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या चीजचे तीनशेच्या आसपास. मैद्याचे वेगळेच. आम्ही पारी काढून टाकली. क्रीमच्या जागी साय काढलेले दूध आणि ताज्या दह्याचा चक्का घेतला. चीज हवेच असेल तर वरून एक मोठा चमचाभर किसावे. आत मिसळलेले चीज जिभेला फारसे कळत नाही, वरचे कळते. अशा भानोल्याचे सहा तुकडे केले तर एका तुकड्याला सव्वाशेच्या आतबाहेर कॅलरी पडतात आणि प्रथिने सात-आठ ग्रॅम मिळतात.

साहित्य असे. चार अंडी, २०० मिली साय काढलेले दूध, १०० ग्रॅम चक्का, दोन मोठे चमचे बेसन, एक कांदा, चार वाट्या बारीक चिरलेली कच्ची भाजी (परतल्यावर ती दोन वाट्याच उरते), आले-मिरचीचे वाटण, हळद, मीठ, कोथिंबीर आणि दोन चहाचे चमचे तेल. भाजी ऋतूप्रमाणे घ्यावी. थंडीत मेथी-पालक आणि कोवळा कोबी, उन्हाळ्यात दुधी. खंडेराव मार्केटमध्ये सकाळी लवकर गेले तर पाल्याचा ताजेपणा निराळाच असतो, हे सांगायला नकोच.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे ते पाण्याकडे. भानोले फसते ते बहुधा इथेच. दुधीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, कोबीतही तसेच. भाजी कच्चीच घातली तर ती भांड्यात पाणी सोडते, अंड्याचे मिश्रण पातळ होते आणि तुकडे पाडायला जावे तर खाली डबके. म्हणून भाजीला थोडे मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे, मुठीने घट्ट पिळावे आणि मग कांद्याबरोबर एक चमचा तेलावर, झाकण न ठेवता, कोरडी होईपर्यंत परतावी. पिळलेले पाणी फेकू नये, ते कणीक भिजवायला घ्यावे. मीठ मात्र मग पुढे बेतानेच घालावे. परतलेली भाजी पूर्ण गार होऊ द्यावी. गरम भाजीवर अंडे ओतले तर ते तिथेच शिजू लागते.

चक्का आणि बेसन आधी एकत्र घोटून घ्यावे, मग त्यात दूध थोडे थोडे घालावे. कढीला बेसन का लावतात, याचे उत्तर इथेही लागू आहे. नुसते दही तापवले की फाटते, पण पिठातला स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. त्यामुळे आचेत थोडी चूक झाली तरी मिश्रण सांभाळले जाते. अंडी एकेक करून वाटीत फोडून पाहावीत आणि मगच मोठ्या भांड्यात घालावीत. ती काट्याने हलकेच फेटावी. फार फेस आणला तर भानोले ओव्हनमध्ये टुम्म फुगते आणि बाहेर काढताच बसते.

आचेचे थोडे शास्त्र मोठ्या वर्गांतील मुलांनी जरूर वाचावे. अंड्याचा पांढरा भाग ६२-६३ अंशांच्या पुढे दाट होऊ लागतो, पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. दूध मिसळले की प्रथिने विरळ होतात, त्यामुळे ते मिश्रण घट्ट व्हायला साधारण ८० अंश लागतात. तापणारी प्रथिने उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळीत पाणी अडकते. आच त्यापुढे नेली तर जाळी आवळते, पाणी पिळून बाहेर पडते आणि पदार्थ रबरासारखा होतो. जास्त उकडलेले अंडे चिवट लागते ते याच कारणाने. म्हणून ओव्हन १७० अंशांवर आधी तापवून घ्यावा आणि २० सेंटिमीटरच्या, तेलाचा हात लावलेल्या भांड्यात इंचभर जाडीचे मिश्रण २५ ते ३० मिनिटे ठेवावे. हांडव्याच्या भांड्यात वाळूची थाळी पाच-सात मिनिटे मध्यम आचेवर तापवावी, मग गॅस अगदी बारीक करून ३५ ते ४० मिनिटे. कडा धरल्या आहेत आणि मधला भाग भांडे हलवले की किंचित थरथरतो आहे, पण सुरी घालून काढली तर ती स्वच्छ येते, अशा वेळी आच बंद करावी. आतल्या उष्णतेने उरलेले काम होते. दहा मिनिटे न कापता ठेवावे. प्रेशर कुकर मात्र पाण्याशिवाय कोरडा तापवू नये, त्याची रबरी रिंग आणि झडप त्यासाठी बनवलेली नसते.

बलकाविषयी हल्ली घराघरांत भीती आहे. १९७०-८० च्या दशकांत कोलेस्टेरॉलमुळे अंड्याला बदनामी आली. अमेरिकेच्या सरकारी आहार-मार्गदर्शनातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली आणि निरोगी माणसाने रोज एक अंडे खाण्यास तिथल्या हृदयरोग संघटनेने २०१९ मध्ये हरकत घेतली नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या आजी-आजोबांनी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्यासाठी दोन अख्खी अंडी आणि चार अंड्यांचे पांढरे असा मेळ घालता येतो. वाढत्या मुलांच्या ताटातून बलक काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. अ आणि ड जीवनसत्त्वे त्या पिवळ्यातच आहेत, ब-१२ देखील मुख्यतः तिथेच.

डब्याबद्दल दोन गोष्टी. रात्री केलेले भानोले गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी आतपर्यंत वाफाळेल इतके गरम करून, वाफ निवल्यावर डब्यात भरावे. अंड्याचा शिजलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, आणि तो थंड हवेच्या देशांतही पाळतात. बडोद्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो तेव्हा डब्यात हा पदार्थ देऊच नये, तो संध्याकाळी घरी खावा. मधल्या सुट्टीत दुसऱ्या तासाआधी डबा उघडला जात असेल तर डिसेंबर-जानेवारीत चालतो.

दुसरी गोष्ट वाटावाटीची. आपल्या वर्गांत अंडे न खाणाऱ्या घरांतील मुलेमुली आहेत, आणि एखाद्याला अंड्याची ॲलर्जीही असू शकते. भानोल्याच्या तुकड्यात अंडे दिसत नाही, तो हांडव्यासारखाच दिसतो. तेव्हा डबा पुढे करण्याआधी “यात अंडे आहे” हे सांगायचे, असे मुलांना घरूनच शिकवून पाठवावे. मैत्रिणीला घास द्यायचा तर तिला आधी विचारायचे, इतकी साधी गोष्ट आहे. पण ती राहून गेली तर एका घराचा विश्वास जातो किंवा एखाद्या मुलाला दवाखान्यात न्यावे लागते.

अशा मैत्रिणींसाठी जुनेच कोबीचे भानोले आहे. तीन वाट्या कोबी, एक वाटी बेसन, पाव वाटी ओले खोबरे, आले-लसूण-मिरची आणि चमचाभर तेल. कोबी इथे पिळायचा नाही, त्याच्याच पाण्यात पीठ भिजवायचे. त्याच भांड्यात, त्याच आचेवर, पण पीठ शिजायला हवे म्हणून पाच-दहा मिनिटे जास्त. वाटीभर बेसनातून वीसेक ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे तोही काही गरीब पदार्थ नव्हे. दोन्ही प्रकार एकाच दिवशी करायचे झाल्यास बिनअंड्याचा आधी भाजावा, आणि डब्यांची झाकणे वेगवेगळ्या रंगांची ठेवावीत.