आगीची गाडी उशिरा आली, तर दावा कोणावर?

14 एप्रिलला आपण सगळे बाबासाहेबांच्या जयंतीत असतो. देशभर हाच दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो. 1944 साली या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले.

सातारा-सांगलीच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला मात्र वेगळाच प्रश्न ऐकू येतो: घर जळालं, गाडी उशिरा आली, पालिकेवर केस करता येईल का?

करता येते, पण भरपाई मिळवणं अवघड आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नागरी स्थानिक संस्थांचं काम म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे साताऱ्यात नगरपरिषद, तर सांगली, मिरज आणि कुपवाडला महापालिका. ग्रामपंचायतीकडे बहुधा स्वतःची गाडीच नसते. शहरातून, एमआयडीसीतून नाहीतर साखर कारखान्यातून ती येईपर्यंत छप्पर खाली आलेलं असतं. पालिकेवर दावा लावायचा तर आधी महिनाभराची लेखी नोटीस द्यावी लागते आणि सहा महिन्यांच्या आत कोर्टात जावं लागतं. आपली बरीच प्रकरणं इथेच मरतात, कारण कोणी वेळेत सांगतच नाही.

पुढची अडचण सद्भावनेच्या संरक्षणाची. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 माणसं गुदमरून मेली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थिएटर मालक आणि वीज मंडळावर टाकली. महापालिका आणि परवाना देणारे पोलीस यांना त्यातून वगळलं. आम्हाला हा निकाल पटत नाही. कागद न बघता परवाना देणाऱ्याला एवढी सूट कशाला? फौजदारी खटल्यात मात्र अग्निशमन दलाचा अधिकारीही दोषी ठरला. मुंबईच्या कमला मिलमध्ये (डिसेंबर 2017, 14 मृत्यू) आणि सुरतच्या शिकवणीवर्गात (मे 2019, 22 विद्यार्थी) आग लागल्यावरही अग्निशमन अधिकाऱ्यांना अटक झाली. थोडक्यात, उशीर झाला म्हणून दलाला पकडणं कठीण असतं, पण तपासणी न करता दाखला दिला असेल तर ते सापडतात.

ऊस किंवा खोप तारेच्या ठिणगीने पेटली असेल तर रोख महावितरणकडे ठेवावा. 2002 च्या शैलकुमारी प्रकरणात जिवंत तारेने माणूस मेला होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने वीज मंडळाचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करायची गरज ठेवली नाही. तलाठ्याचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल, अग्निशमन दलाचा दाखला हे तीन कागद पहिल्या आठवड्यातच मागा.

आता आपल्याच पोरांचं. फायरमनचा कोर्स करून कितीतरी जण ठेकेदारामार्फत गाडीवर चढतात. भाजलं, पडलं की ठेकेदार फोन उचलत नाही आणि पालिका म्हणते हा आमचा माणूस नव्हे. हे उत्तर ऐकून घरी बसू नका. कायद्याप्रमाणे ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडून वसूल करता येते. पालिकेने ती नंतर ठेकेदाराकडून घ्यावी. अर्जाला मुदत दोन वर्षांची. हजेरीचा फोटो, बँकेतला पगार, ड्युटीचा मेसेज, काहीही पुरावा जपून ठेवा.

आणि आग लागायच्या आधीचं एक काम. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार त्याच्या अनुसूचीतल्या इमारतींच्या मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘बी फॉर्म’ सादर करायचा असतो. कायदा मोडणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. आपली मुलं जिथे दिवसभर बसतात ती अभ्यासिका, जिथे राहतात ते वसतिगृह, यांचा शेवटचा बी फॉर्म कधीचा आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात.