यादीतील रकाने वेगळे काढण्याची रीत

शाळेची नोंदवही ज्याने एकदा तरी हाताने उतरवून काढली आहे, त्यास रकान्यांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. अडीचशे विद्यार्थ्यांच्या यादीतून केवळ नावे व जन्मतारखा उतरविताना एखादी ओळ सुटते आणि एका मुलाची जन्मतारीख दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसते. यादी संगणकावर असल्यास हे काम एका आज्ञेने होते. मात्र त्या आज्ञेच्या मर्यादा ठाऊक नसतील, तर तीच चूक संगणकाकडूनही घडते. आणि छापील अक्षरांत ती सहजासहजी नजरेस येत नाही.

रकाना कसा ओळखला जातो

साध्या मजकुराच्या फाईलमध्ये आखलेल्या रेघा नसतात. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ असते व दोन रकान्यांच्या मध्ये एक विभाजक चिन्ह, बहुधा स्वल्पविराम, असते. उदाहरणार्थ :

४१,शांता,४,वरची आळी,१२-०६-२०१५

येथे नोंद क्रमांक, नाव, इयत्ता, पत्ता व जन्मतारीख असे पाच रकाने आहेत.

'कट' ही आज्ञा

लिनक्स व मॅक या प्रणालींत 'कट' नावाची आज्ञा असते. आज्ञेचे शब्द रोमन लिपीतच टंकावे लागतात. 'कट' या शब्दापुढे वजा चिन्हासह 'डी' हे अक्षर लिहून विभाजक सांगावा. नंतर वजा चिन्हासह 'एफ' लिहून रकान्यांचे क्रमांक द्यावेत आणि शेवटी फाईलचे नाव लिहावे. २ व ५ हे क्रमांक दिल्यास नाव व जन्मतारीख तेवढी पडद्यावर येते. विभाजक न सांगितल्यास 'टॅब' हे चिन्ह गृहीत धरले जाते. ५,२ असे उलट लिहिले तरी रकाने मूळ क्रमानेच येतात. ज्या ओळीत विभाजक मुळीच नाही, ती संपूर्ण ओळ जशीच्या तशी येते. ती नको असल्यास 'एस' हे अक्षर जोडावे.

'सी' या अक्षराने ओळीतील अक्षरे मोजून तुकडा काढता येतो. परंतु मराठी मजकुरास ही रीत लावू नये. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत 'क' साठी तीन बाइट व 'कि' साठी सहा बाइट लागतात. 'कट'च्या अनेक आवृत्त्या अक्षरांऐवजी बाइटच मोजतात. त्यामुळे अक्षर मध्येच तुटते.

चूक कोठे होते

आता पत्ता 'वरची आळी, वडगाव' असा लिहिला आहे असे समजावे. आज्ञेस पत्त्याचा अर्थ कळत नाही. ती केवळ स्वल्पविराम मोजते. त्या ओळीचे सहा रकाने होतात आणि पाचव्या रकान्यात जन्मतारखेऐवजी 'वडगाव' येते. पत्ता अवतरण चिन्हांत घातला तरी 'कट' ती चिन्हे जुमानीत नाही. अशा यादीवरून वयाची अट पाहून नावे निवडली, तर पात्र असलेली मुलगी वगळली जाते, आणि तिचा दोष मात्र काहीच नसतो.

यावर उपाय 'ऑक' या साधनाचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७७ साली आहो, वाइनबर्गर व कर्निघन या तिघांनी ते रचिले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच त्याचे नाव पडले. त्यात प्रत्येक ओळीतील रकान्यांची संख्या 'एनएफ' या नावाने मिळते. 'एनएफ' पाच नसेल ती ओळ दाखवावी, एवढे सांगितले की सदोष ओळी समोर येतात. 'ऑक'मध्ये रकान्यांचा क्रमही हवा तसा बदलता येतो.

घ्यावयाची काळजी

१. प्रथम रकान्यांची संख्या तपासावी, मगच रकाने काढावेत.
२. पत्त्यात स्वल्पविराम येत असेल, तर यादी टॅबने विभागून ठेवावी.
३. या आज्ञांनी मूळ फाईल बदलत नाही. परंतु उत्तर साठविताना बाणचिन्हापुढे त्याच फाईलचे नाव दिल्यास मूळ यादी पुसली जाते; नवे नाव द्यावे.
४. निघालेल्या यादीतील पाच-दहा नावे मूळ नोंदवहीशी ताडून पाहावीत.

यंत्र मोजणी बिनचूक करते. मोजावयाचे काय, हे शिक्षकानेच पाहावयाचे असते. यादीतील प्रत्येक ओळ हे वर्गात बसलेले एक मूल आहे, हे ध्यानी ठेवून काम केल्यास या साधनाने शिक्षकांचे श्रम खचित वाचतील.